संगणक सुरू केला की ब्रॉडबँड आपोआप जोडलं जावं यासाठी काय काय करायचं

गिरगावात माझी आत्या एकटी राहते. चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीजवळ टेबल, टेबलावर जुना डेस्कटॉप. मॉनिटरच्या कडेला तिने एक चिठ्ठी चिकटवली होती. वहीच्या रेघी कागदावर, ठळक अक्षरात: १. भिंतीवरचं बटण. २. पेटीचं बटण. ३. दोन मिनिटं थांबणे. ४. खाली उजवीकडचं चित्र. ५. कनेक्ट. ६. परत कनेक्ट.

रोज रात्री आठला तिची मुलगी व्हिडिओ कॉल करते, आणि पावणेआठला आत्याचा मला फोन. "अरे, ते कनेक्ट दाबलं तरी नुसतं गोल गोल फिरतंय. आता काय करू?" मी म्हणायचो, "आत्या, थांब जरा आणि परत दाब." म्हणजे चिठ्ठीतला सहावा मुद्दा. बराच काळ मी त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. एका रविवारी तिच्याकडे बसून काम करायला घेतलं तेव्हा कळलं की सगळी गोम त्या "परत कनेक्ट"मध्येच आहे. सुरू होताना एकदाच डायल करून, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन लाइन जोडायला सांगून, भागत नाही. पहिल्या वेळी लाइन तयार नसते, आणि नंतर मधेच तुटते. तेव्हा जी काही सोय करायची, ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारी हवी.

आधी तुमच्या घरची जोडणी कुठल्या प्रकारची ते बघा

हे न बघता पुढे गेलात तर तासभर फुकट जाईल. मुंबईत साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार: घरात फायबरची पांढरी पेटी आहे, तिच्यातच वायफाय आहे, आणि मोबाइलवर नेट कायम चालू असतं. इथे डायल करायचं काम ती पेटी करते. संगणकावर काहीच करायचं नाही, वायर किंवा वायफाय जोडलं की झालं. अशा घरात संगणकावर 'कनेक्ट' दाबावं लागत असेल तर ते वायफायचं कनेक्ट आहे. वायफायच्या नावाखाली 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' अशी चौकट असते, तिच्यात खूण करा आणि हा लेख इथेच सोडा.

दुसरा प्रकार: नेटवाल्याची निळी किंवा करडी वायर गच्चीवरून, जिन्यातल्या डब्यातून थेट तुमच्या संगणकाच्या मागे येते, आणि विंडोजमध्ये युजरनेम-पासवर्ड घालून डायल करावं लागतं. आत्याकडे हेच. पूर्वीच्या, फोनच्या तारेवरून नेट देणाऱ्या एडीएसएल मोडेमवर किंवा आजच्या फायबरच्या पेटीवर 'ब्रिज मोड' (पेटी स्वतः लॉगिन न करता लाइन नुसती पुढे देते) चालू असेल तर तेही याच प्रकारात येतं. हा लेख मुख्यतः या घरांसाठी आहे.

तिसरा प्रकार: वायर थेट येते, पण डायल करावं लागत नाही. ब्राउझर उघडला की नेटवाल्याचं लॉगिनचं पान येतं आणि तिथे नाव-पासवर्ड टाकायचा असतो. खालची कृती इथे चालणार नाही. नेटवाल्याला विचारा की खात्यावर तुमच्या यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) नोंदवून लॉगिन आपोआप करता येईल का. पुष्कळदा येतं.

दुसऱ्या प्रकारातल्या डायलिंगला पीपीपीओई म्हणतात. म्हणजे जुन्या फोन-मोडेमच्या काळातली नाव-पासवर्ड विचारण्याची पद्धत इथरनेटच्या वायरवर बसवलेली. तिचा आराखडा फेब्रुवारी १९९९ मध्ये आरएफसी २५१६ (इंटरनेटच्या पद्धती नोंदवणाऱ्या दस्तऐवजांपैकी एक) म्हणून प्रसिद्ध झाला, आणि २००१ च्या विंडोज एक्सपीपासून ती विंडोजमध्येच येते, वेगळा डायलर लागत नाही. कंपनीला तिचा फायदा असा की एकाच वायरीच्या जाळ्यावर कोण कधी आलं, कोणाची मुदत संपली हे नावानिशी कळतं. आपल्याला तोटा असा की वायर लागलेली असूनही, लॉगिन होईपर्यंत नेट नसतं.

जोडणी नव्याने बनवा, आणि नाव सुटसुटीत ठेवा

तुमच्याकडे आधीची जोडणी असेलच. तिचं नाव बहुधा 'ब्रॉडबँड कनेक्शन' असतं. माझा सल्ला: ती राहू द्या आणि दुसरी बनवा. कारण नावात मोकळी जागा असली की पुढे आज्ञा लिहिताना अवतरणचिन्हं द्यावी लागतात, आणि तिथे हमखास चूक होते. मी इंग्रजीत चार अक्षरांचं नाव देतो, 'घर': जी, एच, ए, आर. सगळी लहान अक्षरं, मधे जागा नाही.

विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जा, डायल-अप निवडा, 'सेट अप अ न्यू कनेक्शन' दाबा. पुढच्या खिडकीत 'कनेक्ट टू द इंटरनेट'. नेट आधीच चालू असेल तर विंडोज तसं सांगतं, तिथे 'सेट अप अ न्यू कनेक्शन एनीवे' घ्या. मग 'ब्रॉडबँड पीपीपीओई'.

आता जी चौकट येते तिच्यात घाई करू नका. युजरनेम कंपनीने दिलंय तसंच, लहान-मोठ्या अक्षरांसकट. काही कंपन्यांच्या युजरनेममध्ये ॲट चिन्ह आणि पुढे कंपनीचं नाव असतं, तेही लिहायचं. पासवर्ड लिहिताना 'शो कॅरेक्टर्स'वर खूण करून डोळ्यांनी बघून घ्या. 'रिमेंबर धिस पासवर्ड' वर खूण हवीच. खाली 'अलाव अदर पीपल टू यूज धिस कनेक्शन' अशी चौकट आहे, तिच्यावरही खूण करा. या खुणेने जोडणी एका वापरकर्त्याच्या नावावर न राहता सगळ्या संगणकाच्या सामायिक यादीत जाते. घरात बाबांचं वेगळं लॉगिन, मुलीचं वेगळं असेल तर ही खूण फार उपयोगी पडते. ती विसरल्यामुळे "माझ्याकडे चालतं, बाबांकडे नाही" हा प्रकार होतो.

'कनेक्ट' दाबा. जोडलं गेलं तर उत्तम. नाही गेलं तर 'सेट अप द कनेक्शन एनीवे' दाबून जोडणी जपून ठेवा. कारण शोधायला खाली येऊच.

यानंतर एक तपासणी अशी, जी टाळू नये. कळफलकावर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, सी-एम-डी लिहून एंटर करा. काळ्या खिडकीत आज्ञा लिहायची, रासडायल. इंग्रजी अक्षरं: आर, ए, एस, डी, आय, ए, एल. मग एक मोकळी जागा आणि जोडणीचं नाव, जी-एच-ए-आर. एंटर. काही सेकंदांत यशस्वी झाल्याचं वाक्य आलं की समजा, अर्धं काम झालं. इथे ६९१ क्रमांकाची चूक आली, पण हाताने 'कनेक्ट' दाबल्यावर नेट लागत असेल, तर विंडोज जपलेला पासवर्ड या आज्ञेला देत नाहीये असं समजायचं. मग नावापुढे जागा सोडून युजरनेम आणि आणखी एक जागा सोडून पासवर्ड असं एका ओळीत लिहा. जोडणी तोडायला रासडायल, जागा, पुढे झुकलेली तिरकी रेघ (/) आणि तिला लागून डिस्कनेक्ट. नुसतं रासडायल लिहिलं तर सध्या काय जोडलेलं आहे ते दिसतं.

या एका आज्ञेवर पुढचं सगळं उभं आहे. ती हाताने चालत नसेल तर आपोआप कधीच चालणार नाही. तेव्हा इथे वेळ लागला तरी चालेल.

पाच मिनिटांची सोपी सोय, आणि ती मला का पुरेशी वाटत नाही

बहुतेक जण करतात ते असं: विंडोज आणि आर दाबून शेल, कोलन, स्टार्टअप हे इंग्रजीत सलग लिहायचं, एंटर केलं की स्टार्टअप नावाचं फोल्डर उघडतं. त्यात उजवी क्लिक करून नवा शॉर्टकट बनवायचा आणि पत्त्याच्या जागी वरचीच आज्ञा लिहायची. पुढच्या वेळी लॉगिन केलं की ती आज्ञा एकदा चालते.

इथे एक चूक सर्रास होते. लोक आज्ञेऐवजी जोडणीच्या चिन्हाचाच शॉर्टकट त्या फोल्डरमध्ये टाकतात. त्याने डायल होत नाही, फक्त जोडणीची खिडकी उघडते आणि 'कनेक्ट' पुन्हा हातानेच दाबावं लागतं.

पण आज्ञा नीट टाकली तरी ती एकदाच चालणार. मुंबईतल्या चाळीत किंवा जुन्या सोसायटीत काय होतं बघा. वीज जाते आणि येते. संगणक चालू केला की तो मिनिटभरात उभा राहतो, पण जिन्यातल्या डब्यातला स्विच (घराघरांत नेटच्या वायरी वाटून देणारं यंत्र) आणि त्याच्या मागचा गच्चीवरचा स्विच यांना उठायला वेळ लागतो. त्या दरम्यान डायल झालं तर ६५१ क्रमांकाची चूक येते, म्हणजे पलीकडून उत्तर नाही, आणि आज्ञा संपून जाते. मग आत्या बसली आहे गोल फिरणारं चित्र बघत. चिठ्ठीतला सहावा मुद्दा परत आला.

टास्क शेड्यूलरची पक्की सोय

विंडोजमध्ये टास्क शेड्यूलर नावाचा कार्यक्रम असतोच. स्टार्टमध्ये त्याचं नाव लिहून उघडा. उजव्या बाजूच्या यादीत 'क्रिएट बेसिक टास्क' आणि 'क्रिएट टास्क' असे दोन पर्याय आहेत. दुसरा घ्या. पहिला सोपा दिसतो, पण त्यात थोडं थांबून सुरू करण्याची आणि पुन्हा पुन्हा चालवण्याची सोय नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

उघडलेल्या खिडकीत पाच टॅब आहेत.

'जनरल'मध्ये कामाला ओळखू येईल असं नाव द्या. बाकी आत्ता तसंच ठेवा.

'ट्रिगर्स'मध्ये 'न्यू' दाबा. 'बिगिन द टास्क' समोर 'ॲट लॉग ऑन' निवडा. खाली 'एनी युजर'. बरेच जण इथे 'ॲट स्टार्टअप' निवडतात, नावावरून तेच बरोबर वाटतं. पण विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, गाभ्याचा भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं. त्यामुळे विंडोजच्या लेखी ती नवी सुरुवात नसते आणि 'ॲट स्टार्टअप'चं काम चालतच नाही. 'रीस्टार्ट' केलं की मात्र चालतं. परिणाम असा की तुम्ही रीस्टार्ट करून तपासता, सगळं छान दिसतं, घरी जाता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो. मी स्वतः यात अडकलो होतो. 'लॉग ऑन' निवडलं की हा प्रश्न उरत नाही.

त्याच खिडकीत खाली 'डिले टास्क फॉर' वर खूण करून ३० सेकंद निवडा. नेटवर्क कार्डाला जागं व्हायला एवढा वेळ पुरतो. त्याखाली 'रिपीट टास्क एव्हरी' वर खूण करून ५ मिनिटं, आणि 'फॉर अ ड्युरेशन ऑफ' समोर 'इनडेफिनिटली'. सगळ्या लेखातली सर्वांत कामाची खूण हीच. दर पाच मिनिटांनी आज्ञा चालेल. नेट जोडलेलं असेल तर रासडायल "आधीच जोडलेलं आहे" एवढं सांगून बाजूला होतं, चालू कॉलला धक्का लागत नाही. तुटलेलं असेल तर जोडतं. सहावा मुद्दा आता संगणक पाळतो.

'ॲक्शन्स'मध्ये 'न्यू', 'स्टार्ट अ प्रोग्राम'. 'प्रोग्राम' च्या चौकटीत फक्त रासडायल. 'ॲड आर्ग्युमेंट्स' च्या चौकटीत जोडणीचं नाव, आणि काळ्या खिडकीत युजरनेम-पासवर्ड द्यावा लागला असेल तर तेही, मधे एकेक जागा सोडून. सगळं पहिल्याच चौकटीत कोंबू नका.

'कंडिशन्स'मध्ये 'स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कम्प्युटर इज ऑन एसी पॉवर' ही खूण आधीपासून असते, ती काढा. लॅपटॉपसाठी हे उघडच आहे, पण डेस्कटॉपलाही लागू होतं: यूपीएस यूएसबीच्या वायरने जोडलेला असेल तर विंडोज त्याला बॅटरी समजतं आणि वीज गेल्यावर काम थांबवतं. याच टॅबवर नेटवर्क उपलब्ध असेल तरच सुरू करा अशी एक चौकट आहे. तिला हात लावू नका. नेट नाही म्हणून तर आपण डायल करतोय.

'सेटिंग्ज'मध्ये 'स्टॉप द टास्क इफ इट रन्स लाँगर दॅन' समोर तीन दिवस असतात, ते एक तास करा. कधी डायलिंग अर्ध्यात लटकलं तर ते तासाभरात मोकळं होईल. सगळ्यात खाली 'डू नॉट स्टार्ट अ न्यू इन्स्टन्स' असू द्या. तिथेच 'इफ द टास्क फेल्स, रीस्टार्ट एव्हरी' अशी आकर्षक ओळ दिसेल. डायल अयशस्वी झालं तर ती मदतीला येईल असं वाटतं, पण तिच्यावर विसंबू नका. कार्यक्रम सुरू झाला आणि चुकीचा क्रमांक देऊन संपला, तर शेड्यूलर त्याला अपयश मानत नाही. म्हणूनच आपण पाच मिनिटांची पुनरावृत्ती लावली.

'ओके' करा. आता यादीत त्या कामावर उजवी क्लिक करून 'रन'. 'लास्ट रन रिझल्ट' च्या रकान्यात शून्य एक्स शून्य आलं की झालं. चूक असेल तर तिथे विचित्र आकडा दिसतो, पण तो डायलिंगच्या चुकीचाच क्रमांक असतो, फक्त सोळाच्या पायात लिहिलेला. ०एक्स२८बी म्हणजे ६५१, ०एक्स२बी३ म्हणजे ६९१, ०एक्स२६एफ म्हणजे ६२३.

राहिली एक कटकट: दर पाच मिनिटांनी काळी खिडकी क्षणभर उघडून मिटते. आत्या घाबरलीच. "काहीतरी काळं येऊन जातंय रे, व्हायरस तर नाही?" ती घालवायला त्या कामाच्या 'जनरल' टॅबवर जाऊन 'रन व्हेदर युजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' निवडा. 'ओके' करताना विंडोज खात्याचा पासवर्ड मागेल. इथे पिन चालत नाही, खरा पासवर्ड लागतो. खात्याला पासवर्डच नसेल तर ही सोय मिळणार नाही, आधी ठेवावा लागेल. हे केल्यावर जर ६९१ येऊ लागला, तर 'ॲक्शन्स'मध्ये युजरनेम-पासवर्ड घालायचा.

तो पासवर्ड तिथे उघडा दिसतो हे ध्यानात ठेवा. घरातल्या संगणकावर मला त्यात मोठा धोका वाटत नाही. पण क्लासमधल्या किंवा दुकानातल्या सामायिक संगणकावर तो लिहू नका, आणि नेटचा पासवर्ड बँकेच्या किंवा मेलच्या पासवर्डसारखा ठेवू नका.

झोपलेला संगणक उठल्यावर पाच मिनिटंही थांबायचं नसेल तर 'ट्रिगर्स'मध्ये आणखी एक भर घाला: 'ऑन वर्कस्टेशन अनलॉक'. आणि लाइन तुटली की लगेच डायल हवं असेल तर 'ऑन ॲन इव्हेंट' निवडून लॉग 'ॲप्लिकेशन', सोर्स 'रासक्लायंट', इव्हेंट क्रमांक २०२२६. जोडणी संपली की विंडोज हीच नोंद करतं. एवढंच की मग तुम्ही मुद्दाम नेट तोडलं तरी ते लगेच परत जोडलं जाईल. मुलांची परीक्षा म्हणून नेट बंद ठेवायचं असेल तर शेड्यूलरमध्ये त्या कामावर 'डिसेबल' करावं लागेल.

नाहीच लागलं तर: चुकांचे क्रमांक

६५१ हा मुंबईचा सगळ्यात नेहमीचा. याचा अर्थ पलीकडून उत्तर आलं नाही. जुन्या एक्सपीवर याच जागी ६७८ यायचा, नव्या विंडोजवर कधी ८१५ येतो. काही करण्याआधी संगणकाच्या मागे वाका आणि वायर लागते त्या खोबणीतले दोन छोटे दिवे बघा. एक स्थिर आणि एक लुकलुकणारा असेल तर वायर जिवंत आहे. दोन्ही विझलेले असतील तर विंडोजमध्ये काहीही करून उपयोग नाही. वायरीच्या टोकाची खटकी तुटलेली असते आणि ती अर्धवट बाहेर आलेली असते, झाडू मारताना ओढली जाते, किंवा जिन्यातल्या डब्यातल्या स्विचचीच वीज गेलेली असते. हा स्विच कुणाच्या तरी घरातून किंवा सोसायटीच्या मीटरवरून वीज घेतो, ते घर बाहेरगावी गेलं की अख्ख्या मजल्याचं नेट जातं. पावसाळ्यात गच्चीवरच्या जोडात पाणी शिरतं. आत्याच्या चिठ्ठीवर आता तिनेच लिहिलंय: मागे हिरवा दिवा नाही, तर नेटवाल्याला फोन.

६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड मान्य नाही. पण तो बरोबर असतानाही ६९१ येतो, आणि त्याची दोन कारणं. एक, पॅकची मुदत संपलेली. दोन, वीज गेल्यामुळे संगणक अचानक बंद झाला, पण कंपनीच्या सर्व्हरवर तुम्ही अजून आतच आहात अशी नोंद राहिली, म्हणून दुसऱ्यांदा आत घेत नाही. थोड्या वेळाने ती आपोआप सुटते आणि आपलं पाच मिनिटांचं काम तुम्हाला जोडून देतं. नाहीच सुटली तर फोन करून "सेशन क्लिअर करा" एवढं म्हणा, त्यांना लगेच कळतं. अशा वेळी घाबरून पासवर्ड बदलत बसू नका, गोंधळ वाढतो.

६२३ म्हणजे त्या नावाची जोडणी सापडली नाही. बहुधा नाव चुकलंय, किंवा जोडणी बनवताना सगळ्यांसाठीची खूण राहिली. ७६९ म्हणजे नेटवर्क कार्डच बंद करून ठेवलेलं असतं, ते 'नेटवर्क कनेक्शन्स'मध्ये जाऊन 'एनेबल' करा. ८१३ आला तर दोन जोडण्या एकाच वायरीवर भांडताहेत. जुनी 'ब्रॉडबँड कनेक्शन' जोडलेली असेल, ती तोडा, आणि नवी नीट चालू लागल्यावर पुसून टाका.

सुरक्षिततेचं, जे कोणी सांगत नाही

राउटर असला की बाहेरचं जग आणि तुमचा संगणक यांच्यात एक भिंत असते. वायर थेट संगणकात येते तेव्हा ती नसते. शिवाय त्याच जाळ्यावर शेजारच्या इमारतींचे संगणक असू शकतात. म्हणून पहिल्यांदा जोडल्यावर विंडोज नेटवर्कचा प्रकार विचारेल तेव्हा 'पब्लिक' घ्या, 'प्रायव्हेट' नको. विंडोजची फायरवॉल, म्हणजे बाहेरून आत शिरणाऱ्यांना अडवणारी सोय, बंद करू नका, कुठल्या तंत्रज्ञाने "स्पीड वाढेल" म्हणून सांगितलं तरी. आणि 'नेटवर्क कनेक्शन्स'मध्ये इथरनेटच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' ची खूण काढून टाका. आता नेट कायम चालू राहणार आहे, तेव्हा हे आधीपेक्षा जास्त गरजेचं आहे.

शक्य असेल तर राउटरलाच हे काम द्या

मोबाइल, टीव्ही आणि संगणक सगळ्यांना नेट हवं असेल तर वरची सगळी खटपट सोडून एक साधा राउटर घ्या. आलेली वायर राउटरच्या 'वॅन' (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) खोबणीत, राउटरची एक वायर संगणकात. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता लिहा, तो राउटरच्या तळाशी छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. वॅनचा प्रकार पीपीपीओई, खाली युजरनेम-पासवर्ड, आणि जोडणीच्या पद्धतीत 'ऑटो' किंवा 'ऑलवेज ऑन'. 'ऑन डिमांड' नको, ते काही वेळ वापर नसला की नेट तोडतं. एमटीयू (एका वेळी पाठवायच्या माहितीच्या तुकड्याचा कमाल आकार) विचारला तर १४९२: इथरनेटच्या १५०० बाइटमधून पीपीपीओई स्वतःसाठी ८ घेतं. हा आकडा चुकला की काही साइट उघडतात आणि काही नुसत्या लटकतात, आणि कारण पटकन सापडत नाही.

राउटर लावल्यावर नेट लागलंच नाही तर घाबरू नका. स्थानिक नेटवाले बऱ्याचदा खातं तुमच्या संगणकाच्या मॅक पत्त्याला बांधून ठेवतात, आणि राउटरचा पत्ता वेगळा असतो. राउटरमध्ये 'मॅक क्लोन' शोधून संगणकाचा पत्ता उचला, किंवा फोन करून "नवा राउटर लावलाय, मॅक रिलीज करा" म्हणा. फायबरच्या ब्रिज मोडमध्ये असाल तर काही कंपन्यांच्या जोडणीला व्हीलॅन क्रमांकही (एकाच वायरीवरचे वेगवेगळे प्रवाह ओळखण्याचा क्रमांक) लागतो. तो त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो.

राउटर लावल्यावर संगणकावरचं शेड्यूलरचं काम आठवणीने पुसून टाका, नाहीतर ते दर पाच मिनिटांनी उगाच डायल करत राहील, आणि काही राउटरवर दुसरं लॉगिन होऊन ६९१ चा घोळ सुरू होईल. आत्याकडे राउटर नाही, मोबाइलवर तिचं वेगळं नेट आहे आणि टेबलावर आणखी एक पेटी तिला नको होती, म्हणून तिच्याकडे शेड्यूलर.

लिनक्स वापरणाऱ्यांना यातलं फारसं काही लागत नाही. नेटवर्क मॅनेजरमध्ये डीएसएल किंवा पीपीपीओई प्रकारची जोडणी बनवा आणि 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' वर खूण करा.

आणि पुढे कधी कंपनीने पासवर्ड बदलला तर तो दोन ठिकाणी बदलायचा आहे: सेटिंग्जमधल्या जोडणीत, आणि शेड्यूलरच्या 'ॲक्शन्स'मध्ये लिहिला असेल तर तिथेही. मी आत्याच्या पेटीच्या बाजूला आतून एक कागद चिकटवून ठेवलाय, जोडणीचं नाव आणि ही दोन ठिकाणं लिहून, म्हणजे मी नसलो तरी शेजारच्या मुलाला ते शोधत बसावं लागणार नाही.